अबोली नाव ठेवलं तर लेक बोलायची नाही का?

या आठवड्यात आलेलं पत्र थोडं कापून देतेय.

"ताई, मी सावंतवाडीकडची, लग्न होऊन पुण्यात आले. मागच्या महिन्यात मुलगी झाली. मला तिचं नाव अबोली ठेवायचंय. माझ्या आजीच्या अंगणात तुळशीच्या मागे अबोलीची रांग होती आणि आजी रोज तिन्हीसांजेला वळेसर, म्हणजे गजरा, करायची, ती आता नाहीये. पण सासूबाई म्हणतात अबोली म्हणजे न बोलणारी, असलं मुकं नाव नको, पोर उशिरा बोलेल. नणंद म्हणते घरात अबोला येईल. नवरा म्हणतो तुम्ही दोघी काय ते ठरवा. सासूबाई वाईट नाहीत हो, माझं बाळंतपण त्यांनीच केलं. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी बोलतात. बारसं थांबलंय. या नावाचा खरा अर्थ काय, ते आलं कुठून, आणि मी त्यांना कसं समजावू?"

अगं, आधी मुलीला खूप आशीर्वाद. बारसं थांबलंय म्हणून जीवाला घोर लावून घेऊ नकोस. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि बाळाचं नाव नंतर घालायला बारा महिने मिळतात, तेही फी न भरता. त्यानंतरसुद्धा पंधरा वर्षांपर्यंत थोडी लेट फी भरून नाव लावता येतं. म्हणजे कागदाची घाई काहीच नाहीये, घाई आहे ती पाहुण्यांची, आणि पाहुणे थांबतात.

आता नावाबद्दल. मी बरीच वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि घरी गॅलरीत अबोलीच्या चार कुंड्या आहेत, त्यामुळे तुझं पत्र वाचल्यावर राहवलंच नाही, बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

सासूबाई म्हणतात तो अर्थ शब्दाच्या फोडीत आहे, ते नाकारू नकोस. अ आणि बोल, न बोलणारी. पण मराठीत अबोल म्हणजे मुकं नव्हे गं. अबोल माणूस म्हणजे कमी बोलणारा, आतल्या आत ठेवणारा, आपण कौतुकानेही म्हणतो की पोरगी अबोल आहे पण गुणी आहे. आणि अबोला हा वेगळाच शब्द, तो धरायचा असतो, रुसून, ठरवून, आणि तो धरायला बोलता येणारी दोन माणसं लागतात. नणंदेला एवढंच सांग की घरातला अबोला नावामुळे येत नाही. उलट आत्ता नावावरून घरात कुजबूज चालू आहे ना, तीच लांबली तर अबोला येईल.

आणि नावातल्या 'अ'ला एवढं घाबरायचं तर आपल्याकडची अर्धी नावं बाद करावी लागतील. अपर्णा हे नाव बघ. पार्वतीने तप करताना झाडाची पानं खाणंसुद्धा सोडलं म्हणून ती अपर्णा, पर्ण नाही ती अपर्णा. शब्दशः घेतलं तर उपाशी राहणारी! किती घरांत अपर्णा आहेत, कुठल्या आजीने कधी म्हटलंय का की हे नाव नको, पोर जेवायची नाही? अनसूया म्हणजे जिच्यात असूया नाही ती, अनघा म्हणजे जिच्यात पाप नाही ती, अशोक म्हणजे शोक नसलेला. 'अ' लागला की काहीतरी कमीच होतं असं नसतं. पुष्कळदा जे नाही त्याच्यामुळेच माणूस मोठा होतो, आणि हे आपल्या भाषेला फार आधीपासून कळलेलं आहे.

मग अबोलीमध्ये काय नाही? वास नाही. आपल्याकडे बहुतेक सगळे हेच कारण सांगतात आणि मला ते फार आवडतं. जाई, मोगरा, सुरंगी, बकुळ ही फुलं दिसायच्या आधी बोलतात, वाटेवरून जाताना कळतं की आत कुठेतरी मोगरा फुललाय. अबोली तसं काहीच करत नाही. तिच्याजवळ जावं लागतं, बघावं लागतं. रंग मात्र असा की दुसऱ्या कुणाचं नाव देऊन चालेना, ना धड केशरी ना गुलाबी ना पिवळा, म्हणून रंगालाच तिचं नाव पडलं. कपड्याच्या दुकानात अबोली रंगाची साडी दाखवा म्हटलं की दुकानदार बरोबर तोच गठ्ठा काढतो. कमी बोलणाऱ्या फुलाने भाषेला एक अख्खा रंग दिलाय, हे सासूबाईंना सांगच. आणि काही वर्षांपूर्वी राज्य सरकारने बायका चालवतात त्या रिक्षांसाठी रंग ठरवला तोही अबोलीच, ठाण्याकडे गेलीस तर दिसतील, भर ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवत जाणाऱ्या अबोली रिक्षा.

पण आता जरा खोलात जाऊया, कारण तू 'आलं कुठून' असं विचारलंयस आणि खरी गंमत तिथे आहे. हे झाड आपल्याच बाजूचं, दक्षिण भारत आणि श्रीलंका हे त्याचं मूळ घर. कमरेएवढं झुडूप, अडुळसा आणि कोरांटीच्या कुळातलं, पानं गडद हिरवी, चकचकीत, बारा महिने हिरवंच असतं, पानगळ म्हणून उघडं पडलंय असं होत नाही. जिथे जिथे ते वाढतं तिथल्या लोकांनी आपापल्या डोळ्यांनी त्याला नाव दिलं. तमिळ आणि मल्याळममध्ये ती कनकांबरम, म्हणजे कनकाचं अंबर, सोन्याचं वस्त्र. त्यांना तिचं न बोलणं नाही दिसलं, तिचं नेसणं दिसलं. आणि कन्नडमध्ये कनकांबरही म्हणतात आणि अब्बलिगेही म्हणतात.

अब्बलिगे. मोठ्याने म्हणून बघ. अबोलीची सख्खी बहीण वाटते की नाही कानाला? आणि कानडीत बोलण्याला 'बोल' म्हणत नाहीत, मातु म्हणतात, हे तुझ्या सासूबाई तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त जाणतात. म्हणजे घाटाखाली आणि सीमेपलीकडे तेच फूल जवळजवळ त्याच आवाजाच्या नावाने हजारो बायका केसात माळतात आणि त्यांच्या डोक्यात न बोलण्याचा विचारसुद्धा नसतो. कोकण, गोवा आणि कारवारची किनारपट्टी अशी आहे की तिथे फुलं, मासे आणि शब्द कुणाला न विचारता इकडून तिकडे जातात. शब्द दुसऱ्या गावात गेला की तिथली माणसं त्यात आपल्या ओळखीचं काहीतरी शोधतात. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, वर्गात मी सीताफळाचं उदाहरण द्यायचे. सीताफळाचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं, समुद्रावरून आपल्याकडे आलं, पण आपण त्यात सीता बघितली, मग शेजारी रामफळ आलं, मग हनुमानफळ आलं, गोष्टी तयार झाल्या आणि आता ते फळ इतकं आपलं आहे की परकं म्हटलं तर लोक भांडायला उठतील. गोष्ट खोटी म्हणून टाकून द्यायची नसते, पण ती गोष्ट आहे हे लक्षात ठेवायचं. अ आणि बोली ही फोडसुद्धा मी तशीच धरते, गोड आहे, मराठी कानाला पटणारी आहे, पण दगडावरची रेघ नाही.

शास्त्रीय नाव तर आणखी तिसरंच सांगतं. क्रॉसान्ड्रा इन्फन्डिब्युलिफॉर्मिस, एवढं लांब नाव एवढ्याशा फुलाला! लॅटिनमध्ये इन्फन्डिब्युलम म्हणजे नरसाळं, रॉकेल ओतायला असायचं ना ते, आणि फुलाची खालची बारीक नळी आणि वर पसरलेली पाकळी बघितली तर खरंच नरसाळं दिसतं, एका बाजूने कापून उलगडलेलं. हे नरसाळं लिनियस नावाच्या स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञाला दिसलं. क्रॉसान्ड्रा हा नावाचा पहिला भाग 1805 साली सॉल्सबरी नावाच्या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने दिला, ग्रीक भाषेत क्रॉसोस म्हणजे झालर आणि पुढचा भाग पुरुषवाचक, म्हणजे फुलातल्या पुंकेसरांना झालर असते म्हणून. म्हणजे बघ, एकाला झालर दिसली, एकाला नरसाळं, तमिळ माणसाला सोनं आणि आपल्याला शांतपणा. फूल तेच आहे.

आणि इंग्रजीत लोक काय म्हणतात माहितेय? फायरक्रॅकर फ्लॉवर. फटाक्याचं फूल! रंगावरून नव्हे हं, आवाजावरून.

हे तुला नीट सांगते कारण हे मी स्वतः गॅलरीत बसून कितीदा बघितलंय. अबोलीचा तुरा असतो ना, हिरव्या कणसासारखा, चौकोनी, खालून वर एकेक ओळ फुलत जाणारा, आपण रोज दोनचार फुलं खुडतो आणि कणीस तसंच राहतं. सगळी फुलं होऊन गेली की ते वाळतं, तपकिरी होतं, दिसायला वाईट दिसतं म्हणून बरेच जण कापून टाकतात. एका वर्षी माझं कापायचं राहून गेलं. जूनच्या पहिल्या पावसात दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते, तिरप्या सरी आत येत होत्या, कुंडी भिजली, आणि थोड्या वेळाने टच् असा आवाज. मला वाटलं पाल असेल. मग परत टच्, आणि काहीतरी बारीक माझ्या पावलावर येऊन पडलं. वाकून बघितलं तर चपटं बी, तपकिरी, अंगावर बारीक खवल्यांची झालर असलेलं. मग लक्ष देऊन बघितलं तर त्या वाळक्या कणसातल्या शेंगा पाण्याचा थेंब लागला की काही क्षण गप्प राहतात आणि मग उभ्या चिरून फुटतात, बी लांब उडवतात. चार बिया असतात एका शेंगेत. झाड अख्खा उन्हाळा गप्प बसून पावसाची वाट बघतं, कारण कोरड्या मातीत बी टाकून उपयोग नाही, आणि पाणी आलं की मग बोलतं. पुढच्या महिन्यात शेजारच्या कढीपत्त्याच्या कुंडीतसुद्धा अबोलीचं रोप आलं होतं, मी लावलेलं नाही, तिने स्वतः पाठवलेलं.

तर हे सासूबाईंना सांगण्यापेक्षा दाखव. सावंतवाडीला फोन करून अबोलीची चारदोन वाळलेली कणसं पेपरात गुंडाळून पाठवायला सांग. एक वाळलेलं कणीस ताटलीत ठेव आणि सासूबाईंच्या हाताने त्याच्यावर चमचाभर पाणी घालू दे, मांडीवर बाळ असेल तरी चालेल, आवाज एवढा मोठा नसतो. फक्त एक लक्षात ठेव, कणीस गावठी अबोलीचं हवं. नर्सरीत दिल्ली अबोली म्हणून भडक केशरी मिळते ती फुलते भरपूर पण तिला बी धरत नाही, तिची फांदी लावूनच रोपं करतात, तिच्यावर कितीही पाणी घातलंस तरी काही होणार नाही आणि सासूबाई म्हणतील बघ, गप्पच आहे.

आता सासूबाईंच्या भीतीबद्दल, कारण ती भीती मला खोटी वाटत नाही. त्या नावावर रागावलेल्या नाहीत, नातीसाठी घाबरलेल्या आहेत. एखादं मूल उशिरा बोललं की घराला काय भोगावं लागतं ते त्यांनी कुठेतरी जवळून बघितलेलं असू शकतं, विचार एकदा, वाद न घालता विचार. आणि त्यांना सांग की मूल बोलायला लागतं ते नावाने नाही, कानाने. त्याला ऐकू आलं पाहिजे आणि त्याच्याशी कुणीतरी सारखं बोललं पाहिजे. बाळाची ऐकण्याची तपासणी हॉस्पिटलमध्ये झाली का बघ, नसेल तर करून घे, लहान बाळाची ती दहापंधरा मिनिटांत होते, दुखत नाही, झोपेतसुद्धा करतात. साधारण वर्षाच्या आसपास मुलं पहिला शब्द काढतात, कुणी आधी, कुणी नंतर, पण दीड वर्षाची होऊन एकही शब्द नाही किंवा हाक मारली तर वळून बघत नाही असं वाटलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं, मग तिचं नाव अबोली असो नाहीतर वाणी. आणि घरात दोन भाषा आहेत म्हणून कानडी बंद करू नका हं, आजीने कानडीत बोलावं, तू मालवणीत बोल, पोर सगळं धरतं.

माझ्या वर्गात दोन अबोली होऊन गेल्या, वेगवेगळ्या वर्षी. एक अशी बडबडी की मला तिची जागा बदलावी लागायची. दुसरी शांत होती, हात वर करायची नाही पण विचारलं तर नेमकं उत्तर द्यायची, आणि तिची आई पालकसभेला आली तेव्हा कळलं, आईसुद्धा तशीच. नावाचा काही संबंध नव्हता. हो, मुलं चिडवायची, अबोली बोलत का नाही म्हणून, ते आठवडाभर चालतं, मग मुलांना दुसरं काहीतरी सापडतं. ते तुझ्यापासून लपवत नाही.

नावाने मुलीला इजा होतच नाही असंही मी म्हणणार नाही. सातारा जिल्ह्यात 2011 साली 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली, त्या सगळ्यांचं नाव नकुशी किंवा नकुसा होतं, म्हणजे नको असलेली. मुलगा हवा होता म्हणून ठेवलेलं नाव, आणि ती पोर रोज हजेरीला ते ऐकायची. ते नाव लागतं, कारण ठेवताना मनात काय होतं ते त्या नावात राहतं. तुझ्या मनात काय आहे? तिन्हीसांजेची वेळ, केळीच्या सोपाचा ओला धागा, आजीची बोटं, सुई न वापरता एकेक फुलाला गाठ मारत जाणारी, आणि शेवटी तो वळेसर तुझ्या वेणीत. तू ते नाव मुलीला देतेयस. त्यात नकार कुठेच नाही गं.

पण एक गोष्ट मात्र रागावू नकोस, सांगते. हे सगळं मुद्देसूद मांडून सासूबाईंना हरवायला जाऊ नकोस. हे नाव दिवसातून पन्नास वेळा त्याच हाक मारून घेणार आहेत, तुझी सुट्टी संपल्यावर तर जास्तच, आणि हरलेल्या माणसाच्या तोंडून ते नाव गोड निघायचं नाही. तू त्यांना तुझ्या आजीची गोष्ट सांगितलीस का? पत्रावरून वाटतं की नाही सांगितलीस, नुसतं नाव सांगितलंस आणि त्यांनी नुसता शब्द ऐकला. एका संध्याकाळी, बाळाला तेल लावून झालं की, त्यांच्याजवळ बस आणि आजीबद्दल सांग. मग विचार, आई, तुमच्या माहेरी या फुलाला काय म्हणायचे? देवीला वाहायचे का? तुम्ही माळायचा का?

त्या कनकांबर म्हणाल्या तर तेही फार देखणं नाव आहे. कनका म्हणून हाक मारता येईल, आपल्याकडे पाळण्यातलं एक, कागदावरचं एक आणि आजीचं लाडाचं वेगळं असं चालत आलेलंच आहे, आणि फूल दोघींचं एकच राहील. अब्बलिगे म्हणाल्या तर मग काय बघायलाच नको. त्या शब्दाचा अर्थ त्यांना काय वाटतो तेही विचार आणि त्या काय म्हणतात ते मला नक्की कळव, मला खरंच हवंय ते. अक्कलकोटकडची माणसं कुठला शब्द वापरतात हे तिथल्याच बाईच्या तोंडून ऐकायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे.

आणि गावाहून कणसं आली की सगळी पाण्यात घालू नका, चारपाच शेंगांच्या बिया कुंडीत टाका, वरून बोटभर नाही, जेमतेम झाकेल एवढीच माती, सकाळचं ऊन, पाणी साचू द्यायचं नाही. पुण्याच्या थंडीत ती जरा सुस्तावते, डिसेंबर-जानेवारीत गॅलरीच्या आतल्या बाजूला सरकव. पहिली फुलं आली की धाग्याला गाठ मारायची कशी ते सासूबाईंना येत असेल तर त्यांच्याकडून शिक, तू लिहिलंयस की आजी करायची, तुला येतं असं लिहिलेलं नाहीयेस.